सांडलेला पारा आणि विद्यापीठाची आठवण

विद्यापीठ म्हटले की आपल्या मनापुढे ग्रंथालय उभे राहते, पदवीदानाचा मंडप उभा राहतो, फार तर एखाद्या विद्वानाची खोली उभी राहते. प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूची अंधारी कोठी, तिच्यातील बाटल्या, फळ्यांच्या जमिनीतील भेगा आणि सायंकाळी केरसुणी घेऊन येणारा माणूस हे आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाहीत. परंतु ज्ञानाचा इतिहास या कोठीतूनही गेलेला आहे, आणि तेथे जे सांडले, जे फुटले, जे गळाले त्याचाही एक इतिहास आहे. आज त्यातील एका पदार्थाचा माग काढण्याचा माझा विचार आहे. तो पदार्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचे नाव पारा.

पाऱ्याशी आपली ओळख जुनी. रसशास्त्र हे नावच मुळी पाऱ्यावरून पडले आहे. कारण त्या शास्त्रात रस म्हणजे पारा. खलात पारा आणि गंधक घालून वैद्यमंडळी तासन् तास घोटत बसत, आणि चकाकी पूर्णपणे नाहीशी होऊन काळी, मऊ भुकटी झाली म्हणजे तिला कज्जली म्हणत. ही कज्जली आपण लक्षात ठेवू, कारण पुढे एका निराळ्याच ठिकाणी तिची पुन्हा गाठ पडणार आहे. युरोपात १६४३ साली तोरिचेल्ली याच्या प्रयोगातून वायुभारमापक निघाला, आणि तेव्हापासून पारा हा पदार्थविज्ञानाचा जणू घरगडी झाला. उष्णतामापकात पारा, वायुभारमापकात पारा, निर्वात करणाऱ्या पंपात पारा, विद्युत्-प्रवाह जोडण्या-तोडण्याच्या चाव्यांत पारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत तो शेरांनी सांडत असला पाहिजे, असे म्हणावयास हरकत नाही. सांडला की विद्यार्थी हसत, चकचकीत गोळ्या बोटाने ढकलीत, आणि उरलेल्या भेगांत जात. त्याचे पुढे काय होते, असा प्रश्न कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न पोटतिडकीने विचारणारा पहिला मोठा माणूस जर्मन होता. आल्फ्रेड श्टॉक हे त्याचे नाव. त्याचा जन्म १८७६ चा. बोरॉन आणि सिलिकॉन यांची हायड्रोजनशी होणारी संयुगे हा त्याचा अभ्यासविषय होता. ही संयुगे हवेचा स्पर्श होताच पेट घेतात. म्हणून श्टॉकने काचेच्या नळ्यांची अशी एक बंदिस्त, निर्वात रचना सिद्ध केली की तिच्यात हवेचा कणही शिरू नये. या रचनेतील झडपा आणि पंप पाऱ्यावर चालत. हवेला बाहेर ठेवणारी ही युक्ती रसायनशास्त्रात अजरामर झाली. पण ज्या पाऱ्याने हवेला बाहेर ठेवले, तोच पारा हवेतून श्टॉकच्या छातीत शिरत होता.

वर्षानुवर्षे त्याचे डोके दुखे, भोवळ येई, नाक वाहे, कानांनी ऐकू येईनासे झाले. डॉक्टरांनी नाकावर उपचार केले. गुण आला नाही. सर्वांत भयंकर म्हणजे त्याची स्मरणशक्ती ढासळली. पूर्वी उत्तम असलेली ती स्मृती पुढे पुढे इतकी क्षीण झाली, की पुस्तकात पाहिलेला दूरध्वनीचा क्रमांक यंत्रापर्यंत पोहोचेतो विसरला जाई. व्याख्यान द्यावयाचे तर भरपूर टिपणांवाचून ते जमेना. आकडेमोड आणि बुद्धिबळ ही दोन्ही अवघड झाली. वयाची पन्नाशीही न गाठलेल्या प्राध्यापकाला आपली बुद्धीच आपल्याला सोडून चालली आहे असे वाटावे, याहून मोठे दुःख ते कोणते? अखेर १९२४ साली बर्लिनचे विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांच्या सूचनेमुळे कारण हाती लागले. प्रयोगशाळेतील हवेत पारा होता. श्टॉक एकटाच आजारी नव्हता. त्याचे सहकारीही कमी-अधिक प्रमाणात आजारी होते, आणि प्रत्येकाने आपले दुखणे निरनिराळ्या कारणावर ढकलले होते.

या ठिकाणी श्टॉकने जे केले त्यासाठी त्याचे नाव इतिहासात राहावे असे मला वाटते. त्याने १९२६ साली एका रसायनविषयक नियतकालिकात पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला, आणि स्वतःच्या आजाराची कथा लक्षणांसह, लाजलज्जा न बाळगता, सांगून टाकली. प्रतिष्ठित प्राध्यापकाने ‘माझी स्मृती गेली होती’ असे छापून सांगणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढे उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग त्याने हवेतील, पाण्यातील आणि शरीरातील पारा मोजण्याच्या पद्धती शोधण्यात घालविला. जे मोजता येत नाही त्याच्याशी लढता येत नाही, हे त्याला कळले होते. १९४६ साली तो वारला.

आता थोडा हिशेब पाहू. कारण हा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो आकड्यांतच दिसतो. पारा पाण्याहून साडेतेरा पट जड. वीस अंश सेल्सिअस उष्णतेला हवा पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे तेरा मिलिग्रॅम पारा राहतो. दिवसाचे आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी आजचे तज्ज्ञ जी मर्यादा सांगतात ती ०.०२५ मिलिग्रॅमची, म्हणजे भरलेली हवा मर्यादेच्या पाचशे पट विषारी. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेतली, तर ती इतकी भरावयास एक ग्रॅमसुद्धा पारा लागत नाही. एक ग्रॅमचा थेंब म्हणजे जोंधळ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा.

खोलीतील हवा हलती असते, म्हणून प्रत्यक्षात इतकी वाफ क्वचितच साठते. परंतु दोन गोष्टी धोका वाढवितात. पहिली गोष्ट म्हणजे फुटणे. एक घनसेंटीमीटर पाऱ्याचा एकच गोळा असेल तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटीमीटरांच्या आत राहतो. तोच गोळा एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत फुटला तर पृष्ठभाग साठ चौरस सेंटीमीटर होतो, आणि एक दशांश मिलिमीटरच्या कणांत फुटला तर सहाशे. वाफ निघते ती पृष्ठभागातून. म्हणून सांडलेल्या पाऱ्यावर केरसुणी फिरविणे म्हणजे स्वच्छता नव्हे; एका शत्रूचे हजार शत्रू करणे होय. दुसरी गोष्ट उष्णता. दर दहा अंशांना ही वाफ दुपटीहून अधिक होते. बर्लिनच्या वीस अंशांत श्टॉकची ही दशा झाली. आपल्याकडील वैशाखातल्या चाळीस अंशांत तोच पारा सुमारे पाचपट वाफ देतो, हे आपण विसरू नये.

मग सांडलेल्या पाऱ्याचे करावे काय? प्रथम माणसे बाहेर काढावीत, म्हणजे कोणाच्या पायाला लागून तो दुसऱ्या खोलीत जाणार नाही. बाहेरच्या खिडक्या उघडाव्यात, आतले दरवाजे लावावेत, आणि इमारतीभर हवा फिरविणारी यंत्रणा असेल तर ती बंद करावी. दिव्याचा झोत जमिनीलगत तिरपा धरावा, कण चमकतात. जाड कागदाने थेंब एकमेकांकडे ढकलून एकत्र करावेत, बारीक थेंब ड्रॉपरने उचलावेत, उरलेले चिकटपट्टीने टिपावेत. धूळ ओढणारे यंत्र मुळीच लावू नये, कारण ते पाऱ्याची वाफ करून खोलीभर फेकते. मोरीत ओतू नये; मोरीच्या वळणात तो वर्षानुवर्षे बसून राहतो. गोळा झालेला सर्व पारा, कागद आणि हातमोजे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून तिच्यावर स्पष्ट अक्षरांत लिहावे. आणि शेवटी, डोळ्यांवर विश्वास न ठेवता, हवेतील पारा यंत्राने मोजून घ्यावा.

भेगांत गेलेल्या पाऱ्यासाठी गंधकाची भुकटी टाकण्याचा प्रघात जुना आहे, आणि येथेच आपली कज्जली भेटते. पारा आणि गंधक मिळून जे काळे संयुग होते ते वाफेच्या दृष्टीने निरुपद्रवी असते, हा त्यामागचा हेतू. तत्त्व बरोबर आहे. तथापि आपले वैद्य कज्जलीसाठी तासन् तास का घोटीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रघाताची मर्यादाही कळते. नुसता गंधक शिंपडला तर थेंबावर वरवर एक पापुद्रा बसतो, आत पारा तसाच राहतो, आणि पापुद्रा फुटला की पुन्हा वाफ सुरू होते. म्हणून गंधक किंवा जस्ताची भुकटी हा साहाय्यक उपाय आहे, गोळा करण्याला पर्याय नव्हे. खलबत्त्याने जे शिकविले ते प्रयोगशाळेने विसरू नये.

आता मी तुम्हांला अमेरिकेत नेतो. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोवर या गावी डार्टमथ कॉलेज आहे. तेथे कॅरन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. शरीरात गेलेल्या जड धातूंचा, विशेषतः क्रोमियमचा, पेशींवर काय परिणाम होतो हा त्यांच्या संशोधनाचा विषय. विद्यार्थिनींनी विज्ञानाकडे वळावे म्हणून त्यांनी खटपट केली होती. धातूंचे विष त्यांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. ते त्यांचे शास्त्रच होते.

१४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या धुरांड्याच्या कपाटात, हातात लॅटेक्सचे मोजे घालून, डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचे द्रवरूप संयुग नळीने काढीत होत्या. एक-दोन थेंब मोज्यावर पडले. त्यांनी जागा पुसली, मोजे काढले, हात धुतले, आणि घडलेली गोष्ट प्रयोगाच्या वहीत नोंदविली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सर्व काही रीतसर झाले होते. पाच महिने काही विशेष घडले नाही. १९९७ च्या जानेवारीत त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. जानेवारीच्या अखेरीस रक्त तपासले तेव्हा एका लिटरमध्ये पारा चार हजार मायक्रोग्रॅम निघाला. सामान्य माणसाच्या रक्तात तो एकापासून आठपर्यंत असतो. फेब्रुवारीत त्यांची शुद्ध हरपली, आणि ८ जून १९९७ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

हे कसे झाले? हे संयुग साध्या पाऱ्याहून फार निराळे आहे. ते चरबीत विरघळते, म्हणून कातडीतून शिरते आणि मेंदूपर्यंत जाऊन पोहोचते. त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजे तपासून पाहिले, तेव्हा ते संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांतच पार जाते असे आढळले. म्हणजे संरक्षण म्हणून जो मोजा घातला होता तो त्या विषापुढे नसल्यासारखाच होता. वहीतील नोंद होती म्हणून तारीख सापडली, आणि डोक्याच्या एका केसाच्या लांबीवर पाऱ्याचे मान क्रमाक्रमाने तपासले तेव्हा त्या केसानेही ऑगस्टचीच साक्ष दिली.

वेटरहान मृत्युशय्येवर असतानाच, १९९७ च्या मे महिन्यात, त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या साप्ताहिकात पत्र लिहून जगाला सावध केले: लॅटेक्सवर विसंबू नका, पापुद्र्यांच्या खास मोज्यावर दुसरा जाड मोजा चढवा, आणि शक्य तर हा पदार्थ वापरूच नका. आपल्या विभागात असे घडले हे सांगण्यात त्यांच्या संस्थेला भूषण नव्हते. तरीही त्यांनी सांगितले. यातील कटू भाग असा, की याच संयुगाने लंडनच्या एका प्रयोगशाळेतील दोन सहायकांचा बळी १८६५ च्या सुमारास, म्हणजे सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वी, घेतलेला होता, आणि तो वैद्यकीय वृत्तांतात छापलाही गेला होता. ज्ञान होते, पण ते कपाटात होते. मोज्यापर्यंत पोहोचले नव्हते.

सांडलेला पदार्थ माणसाहून अधिक काळ जगतो, हे मँचेस्टर विद्यापीठाने दाखविले. तेथे १९०७ ते १९१९ या काळात अर्नेस्ट रदरफर्ड यांनी काम केले. अणूच्या गर्भाचा शोध त्याच इमारतीतला. त्या काळी किरणोत्सर्गी पदार्थ आणि पारा यांची हाताळणी आजच्या मानाने फारच मोकळी होती. पुढे त्या खोल्यांत इतर विभाग आले. सुमारे शतकानंतर, तेथे बसणाऱ्या काही जणांना कर्करोग झाल्याचे पाहून लोकांनी विचारले, की हे त्या जुन्या सांडलवंडीमुळे तर नसेल? विद्यापीठाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून, साउथॅम्प्टनचे प्राध्यापक डेव्हिड कॉगन यांच्याकडून, चौकशी करविली. २००९ साली त्यांनी निष्कर्ष दिला, की त्या दूषणामुळे हे कर्करोग झाले असण्याची शक्यता फार कमी आहे. भीती खरी ठरली नाही. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की शंका आल्यावर हवा मोजली गेली, फळ्या उचकटून पाहिल्या गेल्या, आणि उत्तर जाहीर झाले. भीतीवर उपाय मौन हा नव्हे. मोजमाप हा आहे.

याच्या उलट बाजू आपल्याच देशात घडली, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडातून आणलेले, कोबाल्ट-६० च्या किरणांनी पदार्थ भाजून पाहण्याचे एक यंत्र होते. ते १९७० च्या आसपास आले, १९८५ पासून वापराविना पडून राहिले. ते आणणारी माणसे निवृत्त झाली. २०१० च्या फेब्रुवारीत ते मोडीत लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात त्याचे शिशाचे कवच फोडण्यात आले आणि आतला कोबाल्ट तुकड्यातुकड्यांनी पसरला. एका व्यापाऱ्याने तर चमकणारा तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसे रुग्णालयात दाखल होऊ लागली, आणि २६ एप्रिल रोजी भंगाराच्या दुकानात काम करणारा एक गरीब माणूस मरण पावला. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. चाळीस वर्षांत ती सुमारे दोनशेव्या हिश्श्यावर येते. तो दोनशेवा हिस्साही एका माणसाला पुरला.

मायापुरीत पारा नव्हता, आणि विद्यापीठाच्या आवारात काही सांडलेही नव्हते. तरीही मी हे प्रकरण त्याच इतिहासात बसवितो, कारण तेथे सांडली ती आठवण. श्टॉकला पाऱ्याने स्मृतिभ्रंश झाला. येथे एका संस्थेलाच स्मृतिभ्रंश झाला. यंत्रावर काय आहे हे सांगणारा माणूस उरला नव्हता, आणि सांगणारा कागद कोणी उघडला नाही. वेटरहान यांच्या वहीने पाच महिन्यांपूर्वीचे दोन थेंब शोधून काढले. दिल्लीत एक अवजड यंत्र पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर असून कोणाला दिसले नाही.

सांडण्यावरचा पहिला इलाज गंधक नव्हे, मोजा नव्हे, तर बोलणे आहे. सांडणाराने लाजेने सांगितले नाही, की पुढचे सर्व उपाय लंगडे पडतात. आणि लाज का वाटते? शिक्षेच्या भयाने. ज्या महाविद्यालयात फुटलेल्या उष्णतामापकाची भरपाई विद्यार्थ्याच्या खिशातून घेतात, तेथे उष्णतामापक फुटल्याचे कोणी सांगत नाही. पारा मेजाखाली जातो. दंडाचे दहा-वीस रुपये संस्थेला मिळतात, आणि वाफ मिळते ती केर काढणाऱ्या बाईला. या सर्व इतिहासात शेवटचा श्वास बहुधा त्याच माणसाने घेतला आहे ज्याला बाटलीवरचे इंग्रजी नाव वाचता येत नव्हते. म्हणून धोक्याची खूण मराठीत हवी, ती परिचराला कळावयास हवी, आणि पारा सांडल्याची वर्दी देणाऱ्याला रागावण्याऐवजी शाबासकी मिळावयास हवी.

जगाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या संयुगाने मासे आणि माणसे विषारी झाली, त्या गावाचे नाव घेऊन २०१३ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ पासून अमलात आहे, आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. पारा हळूहळू वापरातून जात आहे. परंतु जुन्या महाविद्यालयांच्या भिंतीवरचे वायुभारमापक, कपाटांतील बाटल्या आणि फळ्यांखालील थेंब करारावर सही झाल्याने नाहीसे होत नाहीत. ते शोधावे लागतात, मोजावे लागतात, आणि कोणाच्या स्वाधीन केले ते लिहून ठेवावे लागते.

आपण नागरिक प्रयोगशाळेत जात नाही. पण आपली मुले जातात, आणि आपल्या शेजारची माणसे तेथे झाडलोट करून पोट भरतात. म्हणून आपल्या गावच्या महाविद्यालयाला एक साधा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे: आपल्याकडे धोकादायक काय काय आहे, ते कोठे आहे, आणि ते सांडले तर कोणाला हाक मारावयाची, याची यादी आहे का? यादी असेल तर ती दाराबाहेर लावलेली असावी, आणि वर्षातून एकदा कोणीतरी ती हातात घेऊन प्रत्येक कपाट उघडून पाहावे.